डिप्लॉय केलं की मेल गायब

प्रश्न: ताई, आमची पायथॉनची सर्व्हिस आहे, मागे क्रिएट-टास्कने (पार्श्वभूमीत काम सुरू करून देणारं पायथॉनचं फंक्शन) मेल पाठवणारं काम चालू असतं. दर डिप्लॉयला, म्हणजे नवी आवृत्ती चढवताना, दोन-चार मेल गायब होतात आणि लॉगमध्ये एक अक्षर नाही. कुठे चुकतंय?
– एक वाचक, पुणे

उत्तर: अहो, काम सुरू करून दिलंत, पण ते बंद कोण करणार हे ठरवलंत का? सर्व्हिस डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणारं साधन) असेल, तर तो कंटेनर थांबवताना आधी सिगटर्म, म्हणजे 'आवरा' असा सिग्नल, पाठवतो आणि मग १० सेकंद थांबून सरळ सिगकिल, म्हणजे जागीच बंद. त्या १० सेकंदांत तुमचा प्रोग्रॅम काहीच करत नसेल तर अर्धवट राहिलेले मेल हरवलेच समजा. आणि स्टार्ट कमांड शेलमधून (कमांड चालवून देणारा मधला प्रोग्रॅम) चालवली असेल तर बऱ्याचदा सिग्नल पायथॉनपर्यंत पोचतच नाही, हे मी स्वतः दोन दिवस डोकं आपटून शिकले!

सिगटर्म आला की नवीन मेल उचलणं बंद करा, हातातलं संपवा, उरलेले टास्क कॅन्सल करून त्यांची वाट बघा. मधे कुठे नुसतं 'एक्सेप्ट' लिहून कॅन्सल केल्यावर टास्कमध्ये येणारा एरर गिळत असाल तर तो टास्क थांबणारच नाही, साफसफाई करून एरर परत रेज करा, म्हणजे पुढे जाऊ द्या.

अजून एक, इव्हेंट लूप (टास्क आळीपाळीने चालवणारा पायथॉनचा भाग) टास्कचा फक्त वीक रेफरन्स, म्हणजे सैल धागा, ठेवतो; तुम्ही तो टास्क कुठे धरून ठेवला नाही तर चालू काम मधेच गार्बेज कलेक्ट होऊ शकतं, म्हणजे बिनवापराचं समजून मेमरीतून काढलं जाऊ शकतं. सेटमध्ये ठेवा, किंवा पायथॉन ३.११ पासून टास्कग्रुप (टास्क एकत्र सांभाळणारी सोय) आहे तो वापरा. तरीही वीज गेली तर काय? मेलची रांग मेमरीत नको, डेटाबेसमध्येच ठेवा.