वर बर्फ होतो, खाली दूध नासतं: फ्रिजचा गॅस भरायचा का?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षांचा डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आहे, फ्रीझरमध्ये बर्फ व्यवस्थित होतो, पण खाली दूध नासतं. आणि मेकॅनिक गॅस संपलाय म्हणून 3500 रुपये मागतोय. एवढ्यात गॅस भरू नका. मी आयटीआय करून अठरा वर्षं नाशिकमध्ये हेच काम करतोय, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं गॅसची वाटत नाहीत.

गॅस हे काही गाडीतलं पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, वापरून संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती असणारच. आणि कमी झाला की पहिला फटका फ्रीझरला बसतो: आइस्क्रीम मऊ पडतं, कॉम्प्रेसर बंदच होत नाही.

अशा बहुतेक फ्रिजमध्ये गारवा तयार करणारं कॉइल एकच असतं, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. तिथला छोटा पंखा ती गार हवा वर आणि खाली ढकलतो. कॉइलवर दव गोठतंच, म्हणून साधारण 6 ते 12 तासांनी कॉम्प्रेसर थांबतो आणि कॉइलखालचा हीटर ते वितळवतो. हे वितळवणं बंद पडलं की कॉइलच्या पत्र्यांमध्ये बर्फाची भिंत उभी राहते. फ्रीझर त्या भिंतीला चिकटूनच असल्यामुळे गार राहतो, पण खाली हवा उतरतच नाही. पावसाळ्यात हे लवकर होतं, कारण दर वेळी दार उघडलं की ओली हवा आत जाते.

शिकाऊ असताना मी स्वतः अशाच एका फ्रिजमध्ये गॅस भरला होता. फ्रिज दिवसभर बंद ठेवून नळी कापली, गॅस भरला, आणि संध्याकाळी खाली छान गार झालं. आठ दिवसांनी त्या काकूंचा फोन आला, पुन्हा तेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिवसभर बंद राहिल्यामुळे मागचा बर्फ वितळला होता आणि म्हणून फ्रिज चालला. गॅसचा काही संबंधच नव्हता. काकूंचे पैसे मी परत केले, पण चांगली सीलबंद नळी विनाकारण कापली याची रुखरुख अजून आहे. एकदा सिस्टिम उघडली आणि व्हॅक्यूम नीट केलं नाही, म्हणजे आतली हवा पूर्ण ओढून काढली नाही, तर आत राहिलेला ओलावा केपिलरीत (गॅसच्या अगदी बारीक नळीत) गोठून ती चोक होते.

म्हणून आधी फुकटची तपासणी करा. फ्रीझरचं दार उघडून दाराचं बटण बोटाने दाबून धरा. कॉम्प्रेसर चालू असताना पंख्याचा आवाज आला पाहिजे. पंखा बंद असेल तर दोष तिथेच सापडू शकतो. पंखा चालत असेल तर फ्रिज रिकामा करा, प्लग काढा आणि दोन्ही दारं उघडी ठेवून 24 तास सोडा. खाली पाणी येईल, फडकी अंथरा. बर्फ सुरीने अजिबात टोकरू नका, ॲल्युमिनियमच्या नळीला भोक पडलं तर गॅस खरोखरच जाईल. मग चालू करा. चार-आठ दिवस खाली उत्तम गार होऊन पुन्हा बिघडलं, तर दोष वितळवण्याच्या यंत्रणेत आहे, हे जवळपास नक्की धरा.

पुढचं काम मल्टिमीटरचं (विजेचा रोध मोजायच्या मीटरचं), प्लग काढूनच. हीटर 150 वॅटचा असेल तर साधारण 350 ओहम दाखवेल. काहीच दाखवलं नाही तर तो तुटलाय. बायमेटलबाबत, म्हणजे तापमानानुसार हीटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचबाबत, मात्र फार लोक फसतात. तो कॉइल शून्याच्या बरंच खाली गेल्यावर जोडला जातो आणि साधारण 10-13 अंशांना सुटतो. म्हणजे खोलीच्या तापमानाला तो तुटलेला दिसणारच! तो गोठलेला असतानाच तपासायला हवा, नाहीतर चांगला भाग फेकला जातो. वितळवणं कधी सुरू करायचं हे ठरवायला जुन्या मॉडेलात टायमर असतो, नव्यात सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड.

खरंच गॅस कमी असेल तर तेही पॅनेल उघडल्यावर दिसतं: कॉइलच्या सुरुवातीच्या वेढ्यांवरच बर्फ असतो, बाकीचं कोरडं. तुमच्याकडे पूर्ण कॉइल पांढरं निघेल असा माझा अंदाज आहे. आणि कॉम्प्रेसरवरच्या स्टिकरवर आर-600ए लिहिलेलं असेल तर तो ज्वलनशील गॅस आहे. त्या नळ्यांजवळ ज्योत घेऊन कुणालाही बसू देऊ नका.

24 तासांनी चालू केल्यावर किती दिवस नीट चालला ते मोजा आणि मॉडेल नंबरसह इथे लिहा. टायमर आहे की बोर्ड, त्यावरून कोणता भाग आधी बघायचा ते सांगतो.