झाड कुणाच्या ताब्यात आहे, ते आधी विचार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा पीएच.डी.चा प्रस्ताव वाचला. प्रयोगाची आखणी चोख आहे. 'समाजाला होणारा उपयोग' या रकान्यात मात्र 'आंबा बागायतदारांचे उत्पन्न वाढेल' एवढं लिहून तू मोकळी झालीस. कोणत्या बागायतदारांचं? दापोलीला चालली आहेस, तर दापोलीचीच गोष्ट घेऊ.

हापूस एका वर्षी लगडतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. दापोलीच्याच कोकण कृषी विद्यापीठाने यावर पॅक्लोब्युट्राझॉल या रसायनाचा अभ्यास केला. बागेत त्याला सरसकट 'कल्टार' म्हणतात. ते झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, रोखतं, पालवीचा जोर कमी होतो आणि झाड मोहोरावर येतं. शिफारसही नेमकी आहे : झाडाच्या फांद्यांच्या घेराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली कल्टार, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, बुंध्याभोवतीच्या मातीतून. विज्ञान म्हणून याला नाव ठेवायला जागा नाही.

आता बागेत ये. कितीतरी बागांचे मालक मुंबईत असतात आणि झाडं काही वर्षांच्या कराराने व्यापाऱ्याकडे. व्यापाऱ्याला करार संपायच्या आत पैसे वसूल करायचे असतात. मग कल्टारचं माप वाढतं. झाड सुरुवातीला भरभरून देतं, नंतर फुटवा आखूड होतो, फांद्या वाळू लागतात, आणि हे थकलेलं झाड मालकाच्या पदरात परत पडतं. दोष शिफारशीतल्या आकड्यांचा नाही. पण झाड एकाचं आणि पीक दुसऱ्याचं असेल तर काय, याला त्या आकड्यांत जागाच नसते. 'तो आमचा विषय नाही, अर्थशास्त्रवाल्यांना विचारा' असं म्हणून हात झटकायची विद्यापीठांची खोड जुनी आहे. मला ती कधीच पटली नाही.

जात चांगली निघाली म्हणजे काम झालं, असंही नसतं. १९८१ची 'रत्ना' बघ. नीलम आणि हापूसचा संकर, साका होत नाही (गर आतून पांढरट, पोकळ पडत नाही), दरवर्षी धरते. पण वाशीच्या बाजारात गिऱ्हाईक हापूसच मागतं. काजूचं मात्र वेगळं झालं. वेंगुर्ल्याचं संशोधन केंद्र १९५७पासूनचं. तिथली कलमं जातिवंत, वेंगुर्ला-७ची एक बी सुमारे १० ग्रॅमची. १९९०मध्ये राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. खड्डे खणायची मजुरी आणि कलमांचा खर्च सरकारने उचलला, तेव्हा कुठे वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर काजू चढला. या यशात संशोधन केंद्राइतकाच मंत्रालयातल्या त्या निर्णयाचाही वाटा आहे.

तरीही काजूची गोष्ट तिथे संपत नाही. कारखान्यात बी फोडायला बसणाऱ्या बाया हाताला राख नाहीतर तेल चोळून बसतात, कारण टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, काळी पडते. मोठ्या बीचा फायदा त्यांच्या मजुरीत किती उतरला, हे तपासणारा एखादा प्रबंध मला वाचायचा आहे. (तुझा विषय बदल असं म्हणत नाही, घाबरू नकोस.)

तुझ्या प्रस्तावात एवढं कर. नमुन्यात मालकाने स्वतः सांभाळलेल्या बागा आणि कराराच्या बागा वेगळ्या धर. दोन्हीकडे कल्टार कुणी आणलं, किती घातलं, पैसे कुणी दिले, हे टिपून ठेव. मालकाला आणि व्यापाऱ्याला विचारशीलच, पण राखणदाराशीही बोल. बहुतेक ठिकाणी तो नेपाळी असतो, हंगामभर बागेतच राहतो, आणि कुणी किती ओतलं ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याचं नाव कुठेही छापू नकोस, नाहीतर त्याची नोकरी जाईल.

निष्कर्ष हाती आले की जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या शिफारशी ठरवणाऱ्या संयुक्त बैठकीत, मांडण्याआधी गावात वाचून दाखव, सोप्या मराठीत, ग्रामपंचायतीच्या सभागृहात. व्यापारीही येऊ देत. चार जण भांडतील. ते भांडण लिहून घे. 'करार किमान किती वर्षांचा असावा' असा प्रश्न त्यातूनच निघाला, तर तोही शिफारशीत घालायचा प्रयत्न कर. मार्गदर्शक नाक मुरडतील, त्यांना माझं नाव सांग.

सध्या कल्टार घालायचेच दिवस आहेत, तेव्हा प्रस्ताव सुधारत खोलीत बसू नकोस, आधी बागा बघून ये. मसुदा गणपतीच्या आत पाठव. नंतर घर पाहुण्यांनी भरतं आणि माझ्याच्याने काही वाचून होत नाही.

तुझे,
सर