सुट्टीचं विचारू नकोस, परतीचं विचार

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. वडिलांना पक्षाघात, तू एकुलता एक, आणि डॉक्टर म्हणतात दोन वर्षं तरी माणूस जवळ हवा. तुझ्या हातात वर्षाला ६० दिवसांची अॅन्युअल लीव्ह आणि २० दिवसांची कॅज्युअल. म्हणून फौजेतल्या नऊ वर्षांच्या सर्व्हिसवर राजीनाम्याचे पेपर टाकायला निघालास. पेन्शनला २० वर्षं लागतात हे तुला माहीत आहे. आणि शेवटी विचारतोस, ‘सर, दोन वर्षं घरी थांबायला मागणं अधिकाऱ्याला शोभतं का?’

शोभतं. यावर आणखी शाई खर्च करणार नाही. राग मला वेगळ्या गोष्टीचा आलाय. चार पानांच्या पत्रात सगळं जाण्याबद्दल आहे, परत येण्याबद्दल एक ओळ नाही.

दोन वर्षांनी परत आलास तर उभा कुठे राहशील? कॅप्टन दोन वर्षांनी, मेजर सहा वर्षांनी, लेफ्टनंट कर्नल तेरा वर्षांनी, इथपर्यंत कॅलेंडर नेतं. कर्नलसाठी सिलेक्शन बोर्ड बसतो आणि तो बॅचकडे बघतो. तुझे बॅचमेट याच वर्षांत कंपनी कमांड करतील, त्यांच्या कामाचे अहवाल फाइलला लागतील. तुझी पानं कोरी असतील आणि बोर्ड त्याच तारखेला बसेल. पहिल्यांदा नाव वगळलं, नंतरच्या दोन्ही रिव्ह्यूत वगळलं, की सुपरसीड, म्हणजे बढतीचा रस्ता बंद. असली सुट्टी म्हणजे हप्त्याहप्त्यानं दिलेला राजीनामा. तो तुला नकोय ना? मग परतीचं माग.

अमेरिकेच्या आर्थिक वर्ष २००९ च्या संरक्षण कायद्यात हे केलंय. आधी प्रयोग म्हणून, दर दलात वर्षाला २० अधिकारी आणि २० सैनिक, एवढ्यांनाच मुभा. कमाल तीन वर्षं बाहेर राहा, मूळ पगाराचा पंधरावा हिस्सा आणि वैद्यकीय सोय चालू राहील, पण बाहेर काढलेल्या प्रत्येक महिन्यामागे परत येऊन दोन महिने नोकरी करा. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते वेगळंच. हुद्द्याची तारीख पुढे सरकते, म्हणजे परतलेला अधिकारी मागच्या बॅचबरोबर बोर्डापुढे जातो. कोऱ्या पानांची शिक्षा नाही. तरीही सुरुवातीला तिथेसुद्धा जागा भरल्या नाहीत. कागदावर परतीची जागा आली, तरी लोकांच्या मनातला विश्वास यायला वेळ लागतो.

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणू नकोस. महिला अधिकाऱ्यांना पूर्ण सेवेत ३६० दिवस बालसंगोपन रजा मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हे नियम सगळ्या हुद्द्यांच्या महिलांना लागू करायला मंजुरी मिळाली. म्हणजे एवढा वेळ देणं फौजेला जमतं. आई-बापाच्या आजारपणाला मात्र कम्पॅशनेट पोस्टिंगच्या, म्हणजे घरच्या अडचणीसाठी मिळणाऱ्या सोयीच्या बदलीच्या, पुढे फारसा रस्ता नाही. तो रस्ता व्हायला हवा, अधिकाऱ्यासाठी आणि जवानासाठीही. जवानाचा बापही आजारी पडतोच.

मार्च २०२१ मध्ये महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनच्या (निवृत्तीपर्यंतच्या नोकरीच्या) खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नियम सगळ्यांना एकच असला तरी त्याच्या परिणामात भेदभाव असू शकतो. या मुलींना पुढे करिअर आहे असं कोणी धरलंच नव्हतं त्या काळात लिहिलेल्या अहवालांवरून त्यांना तोललं गेलं. तुझा मुद्दा वेगळा आहे, पण धागा तोच. फाइल कोरी का राहिली, हे न विचारता निकाल लावू नये.

आता माझं ऐक. मी बटालियन कमांड करत असताना एक मेजर माझ्यासमोर याच प्रश्नासाठी बसला होता. मी म्हणालो, ‘फौज किंवा घर, एक ठरव.’ त्यानं पेपर टाकले. त्या वर्षी माझ्याकडे अधिकारी मोजकेच होते, निम्मी पलटण पिकेटवर, म्हणजे पुढच्या चौक्यांवर होती, आणि त्याला द्यायला नियमच नव्हता. आजही सांगतो, त्या परिस्थितीत मी त्याला दोन वर्षं सोडू शकत नव्हतो. कोणी शकला नसता. पण नियम नाही, असा नियम हवा, हे वर लिहून कळवायला मला कोणी अडवलं होतं? दोन पानांचं पत्र. तेवढं मी केलं नाही. मी स्वतः आईच्या शेवटच्या वर्षात साठ दिवस संपवून परत फिरलो होतो, आणि मी सोसलं म्हणून त्यानंही सोसावं असं मनात कुठेतरी होतं. हे कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली.

तुझ्या जागी काम कोण करेल, हा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देऊ नकोस. ऑपरेशनमधल्या पलटणीतून कोणी असं उठून जाऊ नये, हेही मान्य. पण दोन वर्षं देऊन चार वर्षं बांधून घेता येतात. पेपर टाकलास तर तुझ्यावर खर्ची पडलेलं नऊ वर्षांचं प्रशिक्षण कायमचं जातं.

आणि तुझ्या पत्रातला तो अभ्यासरजेचा सल्ला. कॉलेजात नाव घालायचं आणि घरी बसायचं, असं तुला कोणी सुचवलं ते विचारत नाही. पुन्हा ते नाव काढू नकोस. खोट्या कारणावर तुझी सही पडली, की परत येताना मान वर करून येता येणार नाही. परतीसाठी मी एवढं भांडतोय आणि तू तीच घालवतोस.

आधी कम्पॅशनेट पोस्टिंगचा अर्ज दे, वडिलांचे कागद जोडून. त्याबरोबर वेगळं निवेदन लिही, रीतसर सीओंमार्फत, म्हणजे तुझ्या कमांडिंग ऑफिसरमार्फत. किती महिने हवेत, त्याबदल्यात किती नोकरी बांधून द्यायला तयार आहेस, सीनियॉरिटी तेवढी खाली घ्यावी आणि बोर्डानं मागच्या बॅचबरोबर बघावं, हे स्पष्ट माग. नाही म्हणतील, बहुतेक नाहीच म्हणतील. तरी लेखी नकार येऊ दे. पुढचा मेजर तोच कागद घेऊन उभा राहील. तोवर राजीनाम्यावर सही करायची नाही.

मसुदा आधी मला पाठव. आणि वडिलांचा उजवा हात गेलाय की डावा, बोलता येतंय का, हे तू लिहिलंच नाहीस. तेही लिही.