नेटवर्कवरचे हल्ले: करतं कोण आणि कशासाठी?

प्रश्न असा आहे: नेटवर्कवर नेहमी होणारे हल्ले कोणते, ते करतं कोण, आणि आपल्या घरच्या वायफायमध्ये त्यांना काय रस?

शेवटचं आधी सांगतो. रस तुमच्यात नसतो, तुमच्या राउटरमध्ये असतो. मी नेटवर्क सांभाळायचं काम करतो. नवं मशीन पब्लिक आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणाऱ्या पत्त्यावर टाकलं की थोड्याच वेळात लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, ओळी पडायला लागतात: युजर रूट, पासवर्ड चुकला. युजर ॲडमिन, पासवर्ड चुकला. युजर टेस्ट, पासवर्ड चुकला. तिकडे माणूस बसलेला नसतो. आपोआप चालणारा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, एकेक आयपी तपासत पुढे सरकत असते, तुम्ही कोण हे तिच्या गावीही नसतं.

2016 मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, हेच केलं. कंपनीने दिलेले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड लावून बघायचे, आणि ज्या कॅमेऱ्याला किंवा राउटरला लागू पडले तो आपल्या फौजेत घ्यायचा. मग हुकूम आला की सगळ्यांनी मिळून एखाद्या सर्व्हरवर इतकी ट्रॅफिक सोडायची की तो आडवा झाला पाहिजे. याला डीडॉस म्हणतात. करणारे होते विशीतले तीन अमेरिकी तरुण, आणि सुरुवात झाली माइनक्राफ्ट गेमच्या सर्व्हरांच्या धंद्यातल्या चढाओढीतून. त्यातला पारस झा डीडॉसपासून संरक्षण देणारी कंपनीही चालवायचा! पुढे त्यांनी कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि तो वापरून भलत्याच कोणीतरी 21 ऑक्टोबरला 'डाइन' कंपनीवर हल्ला केला. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून द्यायचं काम ही कंपनी करायची. ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अनेकांना उघडेनात.

दुसऱ्या टोकाला सरकारी नोकर. जून 2017 मध्ये 'नॉटपेट्या' युक्रेनच्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. वरून दिसायला रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, पण खंडणी भरूनही डेटा परत मिळण्याची सोयच नव्हती. मेर्स्क या जहाजवाहतूक कंपनीची यंत्रणा झोपली आणि आपल्या न्हावा शेव्यातल्या तिच्या टर्मिनलवरचं कामही अडकलं. 2020 मध्ये अमेरिकेने यासाठी रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. भांडण युक्रेनशी, कंटेनर अडकले उरणला.

पण या धंद्याची रचना समजून घ्यायची तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण बघा. एटीएममध्ये कार्ड टाकलं की 'या खात्यात पैसे आहेत का' ही विचारणा बँकेच्या स्विचमार्फत, म्हणजे मधल्या दुव्यामार्फत, मुख्य यंत्रणेकडे जाते. हल्लेखोरांनी आत मालवेअर घुसवून मध्येच स्वतःचा स्विच बसवला. विचारणा मुख्य यंत्रणेपर्यंत पोचायचीच नाही, हा परस्पर 'हो, द्या' म्हणायचा. शनिवार, 11 ऑगस्ट 2018 ला बनावट कार्डांवर 28 देशांतून सुमारे 78 कोटी आणि भारतातून अडीच कोटी निघाले. सोमवारी स्विफ्टमधून, म्हणजे परदेशी बँकांना पैसे पाठवायच्या यंत्रणेतून, 13.92 कोटी हाँगकाँगला गेले. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, कारण मुख्य यंत्रणेला काही कळलंच नव्हतं. भुर्दंड बँकेला.

आता मला सांगा, एकाच दिवशी 28 देशांतल्या एटीएमपुढे उभं कोण राहिलं? कोड लिहिणारे नक्कीच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पण नोटा काढायला माणसं लागतात, ती जमवायला मुकादम लागतो, आणि पैसा फिरवणारा वेगळाच. कॅनडातल्या गालेब अलाउमरीने 2018 मधल्या अशा एटीएम-लुटींचा पैसा फिरवल्याचं अमेरिकेत कबूल केलं, त्यात भारतातली एक बँकही होती. त्याला 11 वर्षं 8 महिने मिळाले. इकडे कोल्हापूरसारख्या शहरांतून कार्डं घासणारी पोरं सीसीटीव्हीत दिसली आणि पोलिसांना सापडली. 2023 मध्ये पुण्याच्या कोर्टाने 11 जणांना शिक्षा सुनावली.

तेव्हा प्रत्यक्ष हॅकरशी तुमची गाठ बहुधा कधीच पडायची नाही. पडली तर "तुझं खातं दोन दिवस वापरायला दे, टक्केवारी देतो" म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाशी पडेल. चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस पहिल्यांदा येतात खातेदाराच्या दारात.