मुलगा ‘उदाहरणार्थ’ बोलायला लागलाय

विश्रामबागच्या ताई,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग काळजी वाटली. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दोन विषय राहिलेत, दाढी वाढवलीय, ‘उदाहरणार्थ जेवायची इच्छा नाही’ असं तोंडावर सांगतो. उशाशी कायम भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ कादंबरी. पुस्तक लपवू का, असं विचारलंय तुम्ही. तुमचे हे तर ते रद्दीत घालायला निघालेत.

लपवू नका. रद्दीत तर मुळीच नको, वाचनालयाचं असलं तर भुर्दंड तुम्हालाच.

१९६३ साली हे पुस्तक आलं तेव्हा नेमाडे स्वतःच पंचविशीत होते. त्यातला पांडुरंग सांगवीकर, ज्याच्या तोंडी सारखं ‘उदाहरणार्थ’ असतं तोच, खेड्यातून पुण्याला शिकायला जातो, वडिलांचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. कुठल्याही आईला धडकी भरावी असंच आहे हे. पण तुमचंच पत्र परत वाचा. निकाल जुलैत लागला, पुस्तक त्यानं गणपतीत आणलं. म्हणजे आधी नापास झाला, मग त्याला सांगवीकर भेटला. निकालाबद्दल घरात बोलाचाली झाली, पण त्याला स्वतःला काय वाटलं हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

तेव्हा ‘कोसला’ तुम्हीच वाचा. मध्ये डायरी लागते, तिथं कंटाळलात तर खुशाल पानं उलटा, पण मनीचं प्रकरण सोडू नका. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते आणि तोवर सगळ्या जगाची टिंगल करणारा हा पोरगा पार कोलमडतो. ते वाचलंत की एखाद्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता एवढंच विचारा, ‘मनीचं वाचताना तुला काय झालं रे?’ त्या दिवशी अभ्यासाचं नाव काढायचं नाही. चिडवायला म्हणून ‘उदाहरणार्थ’ही म्हणू नका, या वयात पोरं फार लागून घेतात.

जमलं तर ‘बनगरवाडी’ आणून टेबलावर नुसती ठेवा, ‘वाच’ म्हणू नका. ही कादंबरी लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर आपल्या आटपाडीकडचे. त्यांचा मास्तरही असाच कोवळा पोरगा, धनगरांच्या वाडीत एकटा पडलेला. तो गावाला धरून तालीम उभी करतो. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते, म्हणजे गोडगोड तेही नाही. तुमच्या मुलाला गोडगोड दिलंत तर तो हातही लावणार नाही.

एक मात्र गंभीरपणे सांगते. झोप उडाली असेल, जेवण खरंच सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं तो ‘उदाहरणार्थ’शिवाय बोलत असेल, तर पुस्तकाचा विषय बाजूला ठेवून सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत.

आणि हो, इंजिनीअरिंग त्याला हवं होतं की घरच्यांना, हे तुमच्या एवढ्या लांबलचक पत्रात कुठंच नाही. पुढच्या पत्रात तेवढं कळवा.