भागाकाराच्या जागी भलतंच अक्षर

प्रश्न : मी मराठी माध्यमाला नववी-दहावीचं गणित शिकवते. चाचणीचे पेपर वर्डमध्ये आमच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करते, पण ऑल्ट धरून ०२४७ दाबलं की ÷ ऐवजी कसलंतरी अर्धं अक्षर उमटतं. गुणाकाराला इंग्रजी एक्स टाकते तर मुलं विचारतात, बाई हा चल आहे का गुणिले? वर्गमूळ तर पेनानेच काढते. काय करू?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, कीबोर्ड ठणठणीत आहे, घोळ फॉन्टचा आहे. जुन्या मराठी फॉन्टना जेमतेम २५६ जागा, त्यातच सगळी मराठी कोंबलेली, त्यामुळे २४७ वर ÷ आणि २१५ वर × असायचं तिथे त्यांनी मराठी तुकडे बसवलेत. म्हणून चिन्ह टाकलं की तेवढंच सिलेक्ट करायचं आणि फॉन्ट टाइम्स न्यू रोमन करायचा, लगेच सरळ होतं. खरं तर पेपर युनिकोडमध्येच करा, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तिथे देवनागरीला वेगळी जागा आहे आणि ÷ ला वेगळी, भांडणच नाही.

भूमितीच्या सिद्धतेला ∴ हे चिन्ह सारखं लागतं, त्याला माझी आवडती युक्ती म्हणजे मराठी टायपिंग बंद करून इंग्रजी आकड्यांत २२३४ लिहा आणि लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा, आकडे जाऊन ∴ येतं. २२३५ ला ∵, २२२० ला ∠, २२४५ ला ≅. फक्त आधी स्पेस सोडा, नाहीतर मागचा आकडा पण त्यात ओढला जातो आणि भलतंच काहीतरी येतं. यात नमपॅड, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडची आकड्यांची बटणं, लागत नाही, म्हणजे लॅपटॉपवाल्यांची पण सोय.

वर्गमूळ मात्र असं करू नका. नुसतं √ येईल पण वरची आडवी रेघ येणार नाही, मग √५०+३ लिहिलं तर रेघ ५० पर्यंत आहे का पुढच्या +३ पर्यंत हे पोरांनी कसं ओळखायचं? ऑल्ट आणि = दाबा, इक्वेशनची चौकट उघडेल, तिच्यात बॅकस्लॅश (\), त्याला चिकटून स्मॉलमध्ये एस क्यू आर टी, मग कंसात ५०, मग स्पेस, की रेघ नीट ओढली जाते. अपूर्णांकाला तिथेच ३/४ आणि स्पेस, तीन वर चार खाली आपोआप.

आणि झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल नेऊ नका, त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नसेल तर सगळं मुसळ केरात. पीडीएफ करून न्या.

प्रश्न : नातवाला व्हॉट्सॲपवर गणितं पाठवतो, मोबाइलवर वर्गाचा छोटा २ कसा काढायचा?
– एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : आजोबा, गूगलच्या कीबोर्डवर इंग्रजी आकड्यांच्या पानावर जा आणि २ दाबून धरा, वर ² दिसेल, बोट तसंच सरकवून त्यावर सोडा. १ दाबून धरलात तर ½ पण मिळेल. √, π, × हे चिन्हांच्या दुसऱ्या पानावर आहेत.