मिसूरीच्या काठाने जरूर जा, मोटरहोम मात्र घेऊ नका

वाचकाचा प्रश्न: मी ४६ वर्षांचा, सेंट लुइसजवळ राहतो, अमेरिकेत एच-१बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर काम करतो. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून येणार आहेत. बाबा ७४ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांना स्टेंट बसवलेला आहे. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकन सरकारच्या मोहिमेचे प्रमुख लुइस आणि क्लार्क मिसूरी आणि पुढच्या ज्या नद्यांमधून पॅसिफिकपर्यंत गेले, त्या वाटेने आम्हा पाच जणांना तीन आठवडे गाडीने जायचं आहे. ६८,००० डॉलरची जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, पाहून ठेवली आहे. १८,००० माझ्या ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत खात्यातून, कर्ज म्हणून काढीन, उरलेले ५०,००० दहा वर्षांच्या कर्जाने, ९ टक्के दराने. मुलगा दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. घ्यावी का?

नमस्कार. ५०,०००चा हप्ता महिन्याला सुमारे ६३३ डॉलर बसेल. दहा वर्षांत तुम्ही ७६,००० भराल, त्यात नुसतं व्याजच २६,०००. विमा, टायर, हिवाळ्यात गाडी ठेवायची जागा हे सगळं त्यावर. कॉलेजची फी सुरू होईल तेव्हा आठ वर्षांचे हप्ते बाकीच असतील. आणि नोकरीच्या रजेत ही गाडी वर्षातून किती दिवस रस्त्यावर येईल?

तरी मला जास्त भीती त्या १८,०००ची वाटते. एच-१बीवरची नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. त्याच वेळी ४०१(के)चं उरलेलं कर्ज अंगावर येऊ शकतं. त्या वर्षाचं कर विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत ते फिटलं नाही, तर ती रक्कम काढून घेतली असं धरून तिच्यावर आयकर लागतो आणि तुमच्या वयात बहुतेक वेळा वर १० टक्के दंडही. पगार, व्हिसा आणि म्हातारपणाची पुंजी एकाच धक्क्याला बांधू नका.

मोहिमेआधी लुइसने २,५०० डॉलरचं अंदाजपत्रक केलं होतं. त्यात सगळ्यात मोठी रक्कम वाटेतल्या आदिवासी जमातींना द्यायच्या भेटवस्तूंची, ६९६ डॉलर; औषधांना ५५ आणि आकस्मिक खर्चाला फक्त ८७. प्रत्यक्षात खर्च ३८,००० डॉलरच्या वर गेला. पण त्याच्या खिशात राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचं पतपत्र होतं, मागे सरकारी खजिना उभा होता. आपल्याला तसं कोणी नसतं.

त्याच लुइसने हार्पर्स फेरीला नावेचा एक लोखंडी सांगाडा बनवून घेतला होता. तो इतक्या दूर वाहून नेला, ग्रेट फॉल्सपाशी १८०५च्या जुलैत त्यावर कातडी चढवली, पण शिवणी बुजवायला पाइनची राळ मिळाली नाही आणि नाव गळायला लागली. ती तिथेच सोडून त्यांनी कॉटनवुडच्या खोडांचे दोन डोंगे कोरले आणि पुढे निघाले. तुमचे डोंगे दारातच उभे आहेत: सात जणांची मिनीव्हॅन भाड्याने घ्या, किंवा घरी असेल तर तीच काढा.

नदीकाठाने जाऊन सरळ रस्त्याने परतलात तर साधारण ५,५०० मैल होतील. मोटरहोम गॅलनला ८ ते १० मैल देते, मिनीव्हॅन सहज २४. पेट्रोलला ८००, २० रात्री दोन खोल्यांचे, दर खोलीला १३० डॉलरप्रमाणे, ५,२००, जेवणखाण २,५००, असे ८,५०० धरा. मिनीव्हॅनचं भाडं द्यावं लागलं तर ते वेगळं. मोटरहोमचा हप्ता आणि ४०१(के)ची परतफेड मिळून महिन्याला जवळपास हजार डॉलर भरायला तुम्ही तयार होताच. तेच हजार आजपासून वेगळ्या बचत खात्यात टाका. दहा महिन्यांत १०,००० जमतील आणि कर्ज एका डॉलरचंही नसेल.

उरलेल्या १,५००मधून आधी आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमा घ्या, तोही ते भारतातून निघण्यापूर्वी. स्वस्त पॉलिसी आधीपासूनच्या आजारावर सहसा काहीच देत नाहीत. बाबांच्या हृदयविकाराचा अचानक त्रास झाला तर किती रक्कम मिळेल, सत्तरीनंतर ती मर्यादा किती घटते आणि हवाई रुग्णवाहिका त्यात येते का, हे लेखी विचारा. पूर्व मोंटानात मोठं हॉस्पिटल फार दूर असू शकतं. इथे पैसे वाचवू नका. इतर कुठेही वाचवा.

बाबांसाठी एक सुचवतो. नॉर्थ डकोटात वॉशबर्नजवळ, जिथे मोहिमेने १८०४चा हिवाळा काढला त्या फोर्ट मँडनच्या परिसरात, दोन रात्री राहा. तिथून गॅरिसन धरण जवळ आहे, मिसूरी अडवणारं प्रचंड मातीचं धरण. पाटबंधाऱ्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला तिथून लवकर हलवू नका. पुढे आयडाहोत लोलो खिंडीनंतरचा यूएस १२ महामार्ग लॉक्सा नदीला बिलगून वळणं घेत उतरतो. तो टप्पा दिवसाउजेडी आणि सावकाश करा.

आई-बाबांची तिकिटं अजून काढली नसतील तर येताना सेंट लुइस आणि परतताना सिअॅटल अशी बघा. फोर्ट क्लॅटसॉप, म्हणजे पॅसिफिकजवळचा मोहिमेचा हिवाळी तळ, आणि समुद्र पाहून ते सिअॅटलहूनच घरी जातील. त्यांचा परतीचा २,००० मैलांचा प्रवास वाचेल, आणि गाडीने परत येताना तुम्हा तिघांना एकच खोली पुरेल.